तीनपैकी तीन म्हणजे चव्वेचाळीस

(प्रकल्प नोंदी: बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्यांची यादी)

12 सप्टेंबर 2024

गौरी विसर्जनाला कडोलीला गेले होते. आईच्या शेतातली पाच एचपीची मोटार वर्षभरात तिसऱ्यांदा जळून पडलेली. आधीच्या दोन्ही वेळा एकाच मिस्त्रीकडे रिवाइंडिंगला, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळायला, टाकली होती. अण्णांनी कॉइल बाहेर काढून ब्लेडने तारेवरचं इनॅमल खरवडलं, तर आत पांढरी तार, ॲल्युमिनिअमची. पैसे तांब्याचे घेतलेले. ॲल्युमिनिअमची तार तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास वीज वाहून नेते. तेवढ्याच जाडीची भरली की तापणार, जळणार.

अण्णा आमच्या गल्लीतले, लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. येताना मी म्हटलं, कुठला मिस्त्री चांगला, हे कुणी लिहूनच ठेवत नाही. ते म्हणाले, "लिहून ठेवू की अक्का. सगळी दुकानं मला पाठ आहेत."

नकाशाच्या ॲपवर बघितलं. बहुतेक दुकानांना पाचपैकी पाच तारे, देणारे दोन किंवा तीन. एका ठिकाणी देणाऱ्याचं आडनाव आणि दुकानाच्या पाटीवरचं आडनाव एकच.

भाच्याला पुण्याला फोन केला. यादी वेबवर टाकायची, कोड तो लिहील. मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सोळा वर्षं हिशेब लिहिलाय, मोजणी माझ्याकडे. अण्णा स्कूटरवर.

19 सप्टेंबर

पहिलं भांडण: मत कोण देणार?

भाचा म्हणतो, ज्याचं काम झालंय त्यानेच. मी म्हणते, मग कुणीच देणार नाही. रिवाइंडिंगवाला बिल देत नाही. मोटारीच्या अंगावर पेंटने गावाचं नाव आणि एक आकडा घालतो, तीच पावती. काम झाल्याचा कागद मागितला तर आपली यादी रिकामीच राहील.

त्याने एक अभ्यास पाठवला. मेझलिन, डोव्हर आणि शेव्हेलियर यांचा, 2014 चा, अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमधला. अमेरिकेतली तीच हॉटेलं त्यांनी दोन संकेतस्थळांवर ताडून पाहिली. ट्रिपॲडव्हायझरवर कुणीही लिहू शकतो. एक्सपिडियावर ज्याने तिथून खोली घेतली तोच. हॉटेलाच्या अगदी शेजारी दुसरं हॉटेल असेल, तर ट्रिपॲडव्हायझरवर पहिल्याबद्दल वाईट मतं एक्सपिडियाच्या मानाने जास्त. शेजारचं हॉटेल छोट्या मालकाचं असेल तर आणखी जास्त. कोण लिहितंय हे कुणीच पकडलं नाही, नुसता दोन ठिकाणचा फरक मोजला. मला ही रीत फार आवडली. हिशेबात चोरी अशीच सापडते: दोन वह्या शेजारी ठेवायच्या.

आमच्या यादीत एकाच गल्लीत समोरासमोर दोन रिवाइंडिंगवाले आहेत, तेही सख्खे चुलतभाऊ. दार सताड उघडं ठेवलं तर काय होईल, सांगायला नको. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी की एक्सपिडियावर मतं देणारे कमी. दार बंद केलं की खोटं कमी होतं, आणि खरंही.

ठरलं काहीच नाही.

2 ऑक्टोबर

मत देणाऱ्याचा नंबर खरा आहे का हे बघायला केलेला ओटीपीचा प्रयोग फसला. अण्णांनी येळ्ळूर आणि किणयेत बारा जणांना विचारलं. दहा जणांनी ओटीपी म्हटल्यावर फोन खिशात घातला. "बँकवाले सांगतात कुणाला सांगू नका, आणि तुम्ही मागालाय?" बरोबरच आहे त्यांचं.

उपाय म्हणून मिस्ड कॉल. त्यांनी आमच्या नंबरवर रिंग द्यायची, आम्ही उलटा फोन करून विचारायचं. नंबर खरा आहे हे आपोआप कळतं, आणि पैसे आमचे जातात. फोन मी आणि अण्णा आलटून पालटून करणार. कानडीत बोलणाऱ्यांना अण्णाच करणार. माझं कानडी बाजारापुरतं.

एक अडचण आधीच दिसतेय. घरात मोबाइल एक, मोटारी दोन भावांच्या दोन. "एक नंबर, एक मत" हा नियम शहराच्या हिशेबाने बरा. भाच्याला सांगितलं, एका मोटारीला एक मत. तो म्हणाला, मावशी, मोटारीला आधार कार्ड नसतं. मी म्हटलं, नंबर प्लेट असते.

14 ऑक्टोबर

पंचवीसेक फोन झाले. सगळे चार तारे नाहीतर पाच. वाईट कुणीच म्हणत नाही.

आपल्याकडे असं का होतं हे मला कळतंय. मिस्त्री बाजारच्या दिवशी भेटणारा माणूस आहे. त्याची बायको आपल्या बहिणीच्या सासरच्या गावची असते. शिवाय उद्या मोटार जळली तर परत त्याच्याच दारात जायचंय. "बरं केलंय की" याचा अर्थ बरं केलंय असा असतोच असं नाही. अमेरिकेतल्या अभ्यासांत ताऱ्यांचा आलेख इंग्रजी जे अक्षरासारखा निघतो: पाचाचा खांब उंच, एकाचा त्याहून बुटका, मधे खड्डा. खूष आणि चिडलेले लिहितात, बाकीचे गप्प. आमच्याकडे चिडलेलाही गप्प.

तारे काढून टाकले. आता एकच प्रश्न: "पुढच्या खेपेला मोटार त्यांच्याकडेच टाकाल का?" हो किंवा नाही. लोक "काम कसं होतं?" याला भिडेखातर उत्तर देतात, पण "परत टाकाल का?" म्हटलं की क्षणभर थांबतात. त्या थांबण्यात खरं उत्तर असतं. आज सात जणांना असं विचारलं. दोघांनी "बघू" म्हटलं. "बघू" म्हणजे नाही. मोजणीत नाहीच धरायचं, असं अण्णांशी बोलून ठरवलं.

17 ऑक्टोबर

फोनवर लोक आम्हालाच उलट विचारतात, "बाकीच्यांनी काय सांगितलंय?" मी भोळेपणाने सांगत होते. ऐकून तेही तसंच म्हणतात.

भाच्याने लगेच पुरावा काढला. 2013 साली सायन्स या नियतकालिकात मुचनिक, अराल आणि टेलर यांनी एक प्रयोग छापला होता. बातम्यांच्या एका संकेतस्थळावरच्या टिप्पण्यांना त्यांनी मुद्दाम एकेक पहिलं चांगलं मत देऊन टाकलं. तेवढ्या एका मताने त्या टिप्पण्यांचे शेवटचे गुण सरासरी 25 टक्क्यांनी वाढले. उलट, दिलेलं वाईट मत पुढच्यांनी सावरून घेतलं.

नियम: आपलं मत देईपर्यंत बाकीच्यांचा आकडा सांगायचा नाही. मला जड जाणार आहे.

22 ऑक्टोबर

अमेरिकेत खोट्या अभिप्रायांवर दंड करणारा नियम कालपासून लागू झाला. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचं आयएस 19000 हे मानक नोव्हेंबर 2022 पासून आहे, ऐच्छिक. मत देणाऱ्याची ओळख फोन, एसएमएस, ईमेल अशा मार्गांनी पडताळा, पैसे देऊन लिहून घेतलेलं छापू नका, गुणांना वजन कसं देता याचा विचार करा, असं त्यात आहे. मिस्ड कॉल बसतो त्यात. छान.

5 नोव्हेंबर

दिवाळीआधी एक शहाणपणा केला होता, तो अंगाशी आला. प्रत्येक दुकानात पन्नास चिठ्ठ्या दिल्या होत्या, प्रत्येकीवर वेगळा आकडा. मोटार परत देताना मिस्त्रीने चिठ्ठी द्यायची, गिऱ्हाइकाने मिस्ड कॉल देऊन आकडा सांगायचा. म्हणजे काम खरंच झालंय याची खात्री. भाचा तर खूषच होता.

आज मोजलं. एका दुकानाच्या चिठ्ठ्यांवरून एकोणीस फोन, एकोणीस "हो". दुसऱ्याचे अकरा, अकराही "हो". अण्णा त्या दुकानात चहाला बसले तेव्हा उलगडा झाला. ज्याच्याशी पैशावरून वाजलं त्याला मिस्त्रीने चिठ्ठी दिलीच नाही. चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये. बिचाऱ्याने लपवलंही नाही. म्हणाला, "भांडणाऱ्याला कशाला देऊ?"

म्हणजे पडताळणी पक्की होती, पण किल्ली आम्ही ज्याला तपासायचं त्याच्याच हातात दिली होती. चिठ्ठीवरची एकूण एक मतं खरी होती, आणि सगळी मिळून झालेला आकडा खोटा.

चिठ्ठ्या परत आणल्या. त्याऐवजी आता फोनवर चार गोष्टी विचारायच्या: मोटार किती एचपीची, कुठल्या महिन्यात टाकली, पैसे किती घेतले, जुनी तार परत दिली का. ज्याने मोटार टाकली त्याला हे सांगता येतं. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून फोन करणारा पैशाच्या आकड्याला अडखळतो. शंभर टक्के पक्कं नाही. पण किल्ली मिस्त्रीकडे नाही.

आणि पहिल्या भांडणाचा निकालही आज लागला. बोलू द्यायचं सगळ्यांना. मिस्त्रीचा मेव्हणा बोलो, समोरचा चुलतभाऊ बोलो. शिवीगाळ नसेल तर छापू. पण आकड्यात धरायचं फक्त त्यालाच, ज्याने चार प्रश्नांची उत्तरं दिली. बाकीच्यांच्या मतापुढे स्पष्ट लिहायचं: "मोजलेलं नाही."

भाचा म्हणाला, हे सगळ्यांना दुखावणार. हो.

20 नोव्हेंबर

क्रम कसा लावायचा? खानापूर रोडच्या एका दुकानाला तीनपैकी तीन "हो". शहापुरातल्या जुन्या दुकानाला 46 पैकी 40. साध्या टक्केवारीने पहिलं दुकान शंभर, दुसरं 87. म्हणजे तिघे 46 जणांना भारी. हे कुठल्याही बाजारात चालणार नाही.

भाच्याने विल्सनचं सूत्र बसवलं. एडविन विल्सन या अमेरिकन माणसाने 1927 साली मांडलेलं. त्याचा मथितार्थ मी असा समजून घेतला: एवढ्याच लोकांना विचारून हा आकडा आलाय, सगळ्या गावाला विचारलं असतं तर तो वाईटात वाईट कुठवर खाली आला असता? ती खालची रेघ धरायची. 95 टक्के खात्रीने तीनपैकी तीनची रेघ 44 वर. दहापैकी दहाची 72 वर. 46 पैकी 40 ची 74 वर. म्हणजे सहा जणांनी नाही म्हटलेलं दुकान, एकानेही नाही न म्हटलेल्या दुकानाच्या वर.

मी कागदावर तीनदा करून पाहिलं. सगळे "हो" असले की सूत्र सोपं होतं: माणसं भागिले माणसं अधिक 3.84. तीन भागिले 6.84. बरोबर, 44.

अण्णांना पटलं नाही. "तीनपैकी तीन म्हणजे चव्वेचाळीस? ह्या हिशेबाने तू कारखान्यात काय केलंस अक्का?"

3 डिसेंबर

खानापूर रोडवाला मिस्त्री स्वतः आला. तेवीस-चोवीसचा पोरगा, आयटीआय केलेला, वर्षापूर्वी दुकान टाकलेलं. रागावलेला नव्हता, तेच जास्त लागलं. म्हणाला, "मॅडम, माझ्याबद्दल कुणीच वाईट बोललं नाही ना? मग मी एकोणचाळिसावा कसा?"

मी सूत्र समजावलं. त्याने नीट ऐकलं आणि विचारलं, "मग मी खाली असल्यावर लोक येणार कसे, आणि आले नाहीत तर मतं वाढणार कशी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुन्याला जुनेपणाचं व्याज मिळतं, नव्याला आत यायलाच वाट नाही. रात्री भाच्याशी दोन तास. त्याचं म्हणणं सूत्र बरोबर आहे. सूत्र बरोबरच आहे, पण आम्ही त्याला जे विचारलं ते चुकलं. सूत्र सांगतं की आपल्याला किती माहीत आहे. आम्ही लोकांना दाखवलं की मिस्त्री किती चांगला आहे.

आजपासून टक्केवारी कुठेच दिसणार नाही. सूत्र मागे राहील, क्रमापुरतं. दुकानापुढे वाक्य: "46 जणांपैकी 40 जण परत इथेच मोटार टाकतील." आणि दहाहून कमी मतं असलेली दुकानं क्रमात नाहीतच. त्यांचा वेगळा रकाना, "अजून थोड्यांनीच सांगितलंय", यादीच्या वरच, क्रम रोज बदलणारा. त्या पोराला तसं कळवलं. "बघू" म्हणाला.

17 डिसेंबर

भाच्याच्या चाळणीने आज वेबवर लिहिलेली अकरा मतं अडवली, कारण आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, एकच. अकराही वेगवेगळ्या गावांची, खरी माणसं. मोबाइल कंपन्या हजारो गिऱ्हाइकांना एकाच पत्त्यामागे बसवतात, हे त्याला पुण्यात ठाऊक होतं, लिहिताना विसरला. चाळणी बंद.

9 जानेवारी 2025

सगळ्यात मोठी चूक आज सापडली, आणि ती आमची होती.

मिस्ड कॉल यायचा तो मोटार परत आणल्यावर दोनचार दिवसांत. तेव्हा मोटार पाणी ओढत असते, माणूस खूष असतो. आम्ही कामाचा दर्जा मोजतोय असं समजत होतो. मोजत होतो मोटार सुरू झाल्याचा आनंद. ॲल्युमिनिअमची तार पहिल्या आठवड्यात जळत नाही. ती भर उन्हात, उसाला पाणी चालू असताना जळते.

ऑक्टोबरमध्ये "हो" म्हटलेल्यांपैकी दर दुसऱ्याला अण्णांनी गेल्या दोन आठवड्यांत परत फोन केला. एकतीस जण सापडले. सहा जणांचं "नाही" झालं होतं. त्यातले चार एकाच दुकानाचे. ते दुकान यादीत तिसरं होतं!

आता प्रत्येक मत दोनदा घ्यायचं: एकदा लगेच, एकदा तीन महिन्यांनी. मोजायचं दुसरं. पहिलं दिसेल, पण "ताजं" म्हणून.

पण अण्णांनी लगेच दुसरी गाठ घातली. त्या सहापैकी दोघांची मोटार मिस्त्रीमुळे जळलीच नव्हती. थ्री फेजमधला, म्हणजे तीन तारांनी येणाऱ्या विजेतला, एक फेज गेला तर चालू मोटार थांबत नाही. राहिलेल्या दोन फेजांवर ओढत राहते, जास्त करंट घेते, तापते आणि जळते. देवाने वाइंडिंग केलं तरी जळेल. गिऱ्हाईक म्हणणार, मिस्त्रीने वाटोळं केलं.

हे उघडल्यावर दिसतं. एक फेज गेल्याने जळलेल्या मोटारीत काही कॉइल्स कोळसा आणि मधल्या काही कोऱ्या, असा ठरावीक नक्षा पडतो. सगळीच वाइंडिंग सारखी काळी असेल तर जादा लोड, कमी व्होल्टेज असं काहीतरी. त्यामुळे मिस्त्रीला उत्तराची जागा दिली: नुसतं "गिऱ्हाईक खोटं बोलतंय" चालणार नाही, जळलेल्या कॉइलचा फोटो टाकायचा. फोटो बघून अण्णा एक ओळ लिहितील. मत काढायचं नाही, शेजारी ओळ दिसेल.

अण्णांच्या हातात फार सत्ता जातेय, हे मला दिसतंय. त्यांनाही. ते म्हणाले, "माझ्या पावण्यांची दुकानं दोन आहेत, त्यांचे फोटो तू दुसऱ्याला दाखव."

27 फेब्रुवारी

बसमधल्या भाषेच्या भांडणावरून महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवर अडकल्या, आणि त्याची लाट आमच्या बारक्या यादीवरही आली. परवा रात्रीपासून दोन दुकानांवर मतांचा पाऊस. एकाची पाटी कानडी, एकाची मराठी. एकावर इकडचे तुटून पडलेत, एकावर तिकडचे. पुण्यातून, बंगळुरातून, कुठून कुठून. वाइंडिंगबद्दल एक अक्षर नाही. मराठी पाटीवाला मिस्त्री कानडी माणूस आहे आणि कानडी पाटीवाला घरात मराठी बोलतो, हे लिहिणाऱ्यांपैकी कुणाला माहीत असणार?

भाचा म्हणाला, सगळं पुसून टाकू. मी नको म्हटलं. व्हिडिओ गेम विकणाऱ्या स्टीमने 2019 मध्ये असाच प्रश्न सोडवताना मतं ठेवली, फक्त खेळाशी संबंध नसलेल्या लाटेच्या काळातली गुणांत धरायची नाहीत असं ठरवलं. आमची "मोजलेलं नाही" ही पाटी नोव्हेंबरपासून आहेच. त्या पाटीने आज स्वतःचा पगार कमावला. दोन्ही दुकानांचे आकडे इकडचे तिकडे झाले नाहीत, कारण चार प्रश्नांची उत्तरं एकानेही दिली नव्हती.

तरी सगळं तसंच ठेवलं नाही. कुणाची जात, भाषा, आईबहीण काढलेली चौदा मतं काढली. काढली हेही लिहिलं. दोन्ही दुकानांची वेबवरची मतं पंधरा दिवस बंद, फोन चालू.

एक कबुली. मराठी पाटीवाल्यावरची मतं वाचताना माझा हात पुसायच्या बटणावर लवकर जात होता. म्हणून दुसऱ्या दिवशी अण्णांना वाटण्या उलट करून दिल्या: कानडीतलं मी वाचायचं, शब्दकोश घेऊन, आणि मराठीतलं त्यांनी. वेळ दुप्पट लागला.

11 मार्च

शहापूरवाला 71 पैकी 58. खानापूर रोडवाल्या पोराचे बारा झाले, सगळे "हो". क्रमात आला. फोन करून सांगितलं. दुकानात आवाज होता, त्याला नीट ऐकू आलं नाही.

30 मार्च

पाडवा, आणि उगादीही आजच. गुढी उभारून कडोलीला गेले. आईची मोटार परत आवाज करतेय. बेअरिंग असावं, अण्णा म्हणाले. मी फोनवर यादी उघडून शहापूरवाल्याचं वाक्य वाचून दाखवलं: 71 जणांपैकी 58.

आईने ऐकून घेतलं. मग विचारलं, "कोण कोण ते?"

"नावं सांगत नाही आई आम्ही."

"बरं, त्यात कडोलीचे किती?"

हे आमच्या वहीत आहे, यादीवर नाही. मागच्याच आठवड्यात भाच्याने गावाप्रमाणे आकडा दाखवायचं सुचवलं होतं आणि मी अडवलं होतं. छोट्या गावात मोटार जळालेली माणसं चारच असली आणि आकडा "चारपैकी तीन" असला, तर नाही म्हणणारा कोण हे दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला कळतं. तेव्हा ठरवलं: एका गावचे पाच झाल्याशिवाय गावाचं नाव दाखवायचं नाही.

कडोलीचे चार होते. मी सांगितलं नाही.

आईने कुंपणावरून शेजारच्या काकांना हाक मारली.